मडगावचं अधिवेशन आणि वधूपक्षाची खोली

बाबांच्या पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही "कुठला?" असंच विचाराल, आणि बाबा जवळ असतील तर ते काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला त्या १९३४ सालापासून सुरुवात करतील. समाजवाद्यांच्या फुटीतून जी फूट पडली, तिच्यातलीच ही एक फांदी. यंदाचं राष्ट्रीय अधिवेशन मडगावला होतं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आई त्यांना एकट्याला सोडायला तयार नाही, म्हणून मी बँकेत तीन दिवसांची रजा टाकली.

चिपळूणला मांडवी एक्स्प्रेस पकडली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा खडखडाटात ऐकू जावं म्हणून बाबा ओरडून बोलत होते. समाजवादी मधु दंडवते १९७७ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९०ला झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, तेही समाजवादी. थोडक्यात, गाडीतले सगळे आमच्याच पुण्याईवर बसले होते. समोरच्या कॉलेजच्या पोराने अगदी नम्रपणे विचारलं, "काका, सध्या तुमचे आमदार किती?" तेवढ्यात बोगदा संपला. बाबा म्हणाले, "कटलेट घेतोस?"

मडगावला पोचलो तर लॉजवाल्याने आमच्या खोल्या एका लग्नाच्या वऱ्हाडाला देऊन टाकल्या होत्या. अॅडव्हान्स परत मिळाला, खोल्या नाही. गंमत म्हणजे अधिवेशन ज्या हॉलमध्ये, ते मंगल कार्यालयच. मग तिथेच गाद्या घातल्या. आम्हा अकरा बायकांना मिळाली वधूपक्षाची खोली, आणि राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक वरपक्षात. दारावरच्या पितळी पाट्या कोणी झाकल्या नव्हत्या. रात्री साडेअकराला वरपक्षातून आर्थिक ठरावावरची भांडणं ऐकू येत होती. कोल्हापूरच्या एक मावशी कूस बदलत म्हणाल्या, "मानपान चाललंय. झोप तू."

सकाळी झेंडावंदन, मग नोंदणी. मी नुसती सोबत आले होते, पण टेबलावरच्या साथींनी (समाजवाद्यांत कार्यकर्त्याला साथीच म्हणतात) उपस्थितीचा कागद बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "गणसंख्येला चार कमी आहेत." अशी मी दोनशे रुपयांत प्रतिनिधी झाले. गळ्यात बिल्ला आला. त्यावर माझ्या नावाच्या जागी 'साथी' एवढंच लिहून पुढे मोकळं सोडलं होतं.

राजकीय ठराव हिंदीत वाचला, मराठीत समजावला, केरळच्या दोघांसाठी इंग्रजीत. एका 'तथा'वरून पाऊण तास गेला. बिहारचे एक आजोबा मांडीवर सत्तूचा डबा घेऊन बसले होते. प्रत्येक दुरुस्तीला हात वर करायचे, बाजूनेही आणि विरोधातही. मध्येच माइक गेला. समाजवाद्यांना माइक लागत नाही हे तेव्हा कळलं.

पण टाळ्यांचा खरा कडकडाट झाला तो सरचिटणीसांच्या अहवालाला. निवडणूक आयोगाने २०२५च्या ऑगस्टात ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढून टाकले, सप्टेंबरात आणखी ४७४. बऱ्याच जणांचं कारण एकच, सलग सहा वर्षं एकही निवडणूक न लढवणं. "आपलं नाव दोन्ही याद्यांत नाही!" असं सरचिटणीस म्हणाले आणि हॉल उठून उभा राहिला. आजोबांचा डबा खाली पडला. आणि नाव का नाही? कारण आम्ही लढतो आणि पडतो. एकषष्ठांश मतं मिळाली नाहीत की अनामत जाते, लोकसभेला पंचवीस हजार, विधानसभेला दहा. बाबांनी १९९५ला स्वतःची अशीच घालवली होती. आई तो विषय अजून भाजी निवडताना काढते. त्या दिवशी मात्र बाबा ताठ बसले होते.

दुपारी सोलकढी आणि खतखतं. वाढणारे गोव्याचे यजमान अस्सल मराठीवाले. त्यांच्या आजोबांनी १९६७च्या जनमत कौलात गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या 'फुला'वर शिक्का मारलेला, सासऱ्यांनी वेगळं राहण्याच्या 'दोन पानां'वर. चौतीस हजारांनी पानं जिंकली. "घरात आम्ही तो विषय काढत नाही हो," असं म्हणत त्यांनी तो जेवण होईपर्यंत काढला. त्यांची बायको पलीकडून कोकणीत काहीतरी म्हणाली. अर्थ विचारला नाही, सूर आईचाच होता.

दुसऱ्या दिवशी निम्मे प्रतिनिधी कोलव्याला पळाले. काही पणजीला जाऊन १८ जून रस्त्यावरून काजू घेऊन आले. ही तारीख कसली, असं त्यांतल्या एकाने विचारल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला आणि मला घेऊन लोहिया मैदानाकडे निघाले.

मैदान मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नाही. बाजूने स्कूटर, माशांच्या टोपल्या, पावांची पोती. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता असताना, १८ जून १९४६ला, इथे भर पावसात समाजवादी नेते राममनोहर लोहिया तिच्याविरुद्ध बोलायला उभे राहिले. ते उतरले होते असोळण्याला, डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी. पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं ते लोहियांनी हाताने बाजूला सारलं. बाबांनी ते सारणं मला करून दाखवलं. मनगटानेच, माशी हाकलावी तसं. पुन्हा एकदा करून दाखवलं. शेजारून जाणाऱ्या बाईंना वाटलं रस्ता विचारताहेत, त्या थांबल्या.

परतीच्या गाडीला दहा मिनिटं असताना खजिनदार फलाटावर धापा टाकत आले. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत पावतीपुस्तक, दुसऱ्या हातात पेन. "ताई, तुमचे दोनशे! पावती राहिली. आयोगाला हिशोब द्यावा लागतो." बाकड्यावर पुस्तक टेकवून त्यांनी कार्बन सरळ केला, माझं नाव विचारलं, आडनाव चुकीचं लिहिलं. मी काही बोलले नाही. बाबांनी पावती माझ्या हातातून घेतली, दुमडली, आणि डायरीत १९९५च्या त्या दुसऱ्या पावतीशेजारी ठेवली.