दुकान लश्करात, लिखाण स्वतःच्या पत्त्यावर

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. आजोबा मिरजेहून आले ते तंबोरे विकायला आणि राहिले दुरुस्त्या करत. गाव गाण्याचं. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये भातखंडे आणि तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांच्यामुळे माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. इतकी मुलं शिकायला लागल्यावर पेटीचे फुटके भाते आणि तंबोऱ्याच्या गेलेल्या जवाऱ्या (तारांना झणकार देणारी घोडीवरची घडण) ओघानं आल्याच. वडिलांनी पेटीचं काम वाढवलं. आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, पण घरोघरच्या शिकवण्यांना तिचं काय! आमचं पोट त्या शिकवण्यांवरच भरलं.

मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा फोनवर तेच ते प्रश्न यायचे. भिंड, झाशी, इंदूर, कुठूनही. "एक सूर भसाडा वाजतोय", "पट्टी दाबली की वरच येत नाही". उत्तरं लिहून ठेवावीत म्हणून फेसबुकचं पान काढलं, मग भाच्याच्या आग्रहानं व्हिडिओ. पहिली काही वर्षं बरं चाललं. लोक लाइकचे अंगठे द्यायचे, गिऱ्हाईकही यायचं.

खटकायला लागलं ते उन्हाळ्याच्या टिपणावरून. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो. लाकूड आक्रसतं, भात्याचं चामडं तडकतं, हवा गळते. मग घरातली मंडळी पेटीची कीव येऊन ती कूलरसमोर ठेवतात! त्या दमट वाऱ्यानं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तंबोरा शेजारी असेल तर पोलादी तारांना गंज धरतो. पेटी खोक्यात, जाड कापडाखाली, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, एवढंच सांगायचं असतं. हे दर मे महिन्यात कुणाला तरी हवं असतं. पण फेसबुकवर लिहिलेलं दोन दिवसांत खाली जातं, आणि पुढच्या वर्षी मलाच सापडत नाही. कुणाला काय दिसावं हे तिथलं यंत्र ठरवतं, आणि ते ताज्या गोष्टीला मान देतं. आमच्या धंद्यात ताजं असं काही नसतं. सुराचं, म्हणजे पेटीतल्या पितळी जिभेचं, टोक खरवडलं की तो चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, हे आजोबांच्या वेळीही तसंच होतं.

दुसरा प्रसंग व्हिडिओचा. जवारी काढणं काही लिहून शिकवता येत नाही, पण ती गेली आहे हे कानाला ओळखता यावं म्हणून तंबोरा आधी आणि नंतर असा वाजवून टाकला. फक्त चार तारा, गाणं नाही. तरी कुठल्या तरी कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतं म्हणून आवाज बंद करण्यात आला. दाद मागायला समोर माणूसच नव्हता.

तोपर्यंत अशा इतर समाजमाध्यमांचं काय झालं तेही दिसत होतं. ऑर्कुट २०१४ मध्ये मिटलं. मायस्पेसनं २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी गेली. किती वादकांची पहिली मुद्रणं त्यात होती कोण जाणे. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. आणि ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सहाएक तास ठप्प होती. घटस्थापना तीन दिवसांवर, आमच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. त्या रात्री मी बायकोला म्हटलं, दुकानाची पाटी तरी आपल्या मालकीची असावी.

तर आता टिपणं स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत. साधी पानं, वर तारीख, खाली फोटो. प्रत्येक पानाचा पत्ता कायमचा, त्यामुळे गूगलवर "पेटीचा भाता गळतो" असं शोधणाऱ्याला ते सापडतं, खातं उघडायला लागत नाही. नवं काही सुचलं तर त्याच पानात तारीख घालून भर टाकतो. ज्यांना नियमित वाचायचंय त्यांच्यासाठी आरएसएस फीड आहे, म्हणजे नवं पान आलं की ते वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचतं. पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात, आणि लेखक-वाचकांच्या मध्ये निवड करणारं कुणी नसतं. सगळ्याची प्रत एका पेनड्राइव्हमध्ये मावते.

आता हाही पत्ता भाड्याचाच, हे मान्य. दर वर्षी पैसे भरले नाहीत तर जातो. फरक इतकाच की सर्व्हरवाल्याशी पटलं नाही तर फायली उचलून दुसरीकडे जाता येतं आणि पत्ता तोच राहतो. हौसेनं देवनागरीतला .भारत पत्ताही घेतला होता, पण तो टाइप करायचे कष्ट फार कमी लोक घेतात, म्हणून पाटीवर .इन आहे.

वाचणारे कमी झाले, हे भाचा अजून बोलून दाखवतो. खरंच आहे. लाइकचे अंगठे येत नाहीत, शाबासकी मिळत नाही. पण जो पान वाचून दुकानात येतो, तो पेटीत काय बिघडलंय हे निम्मं ओळखून आलेला असतो, आणि घासाघीसही कमी करतो. व्हॉट्सॲप आम्ही सोडलेलं नाही. फोटो तिथेच येतात, उत्तर म्हणून मी पानाची लिंक पाठवतो. फेसबुकच्या पानावर दुकानाची वेळ आणि संकेतस्थळाचा पत्ता, बाकी काही नाही.

सध्या भाचा तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, लिहितोय, त्यावरची काळी शाई का उडते इथपासून. माझ्या यादीत मिरजेच्या तंबोऱ्याचे भोपळे आहेत, जे पंढरपूरकडून येतात. दुरुस्तीचे भाव मात्र संकेतस्थळावर लिहीत नाही. पेटी उघडून पाहिल्याशिवाय ते मलाच ठाऊक नसतात.