दोन फळ्यांवर एकच थ्यूनेन

अर्थशास्त्र आणि मानवी भूगोल हे दोन विषय पदवीला एकत्र घेतले, तेव्हा पहिल्याच सत्रात एकाच आठवड्यात दोन्ही वर्गांत फॉन थ्यूनेन या जर्मन अर्थतज्ज्ञाचे, शहरापासूनच्या अंतरानुसार जमिनीचा वापर कसा ठरतो हे सांगणारे प्रतिमान शिकवले गेले, आणि दोन्हीकडे एकच गोष्ट चालली आहे हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. अर्थशास्त्राच्या फळ्यावर आडव्या अक्षावर बाजारापासूनचे अंतर, उभ्या अक्षावर जमिनीचा खंड (भाडे) आणि उजवीकडे उतरत जाणाऱ्या तिरक्या रेषा, प्रत्येक उत्पादनाची एक, अशा होत्या. भूगोलाच्या फळ्यावर मधोमध शहर आणि भोवती वर्तुळे: आधी दूध-भाजीपाला, मग जळणासाठी जंगल, मग धान्य, शेवटी कुरणे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर उमगले की वरच्या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू शहराभोवती फिरवला की एका पट्ट्याची हद्द मिळते. जंगल इतके जवळ कसे, हे कोडेही रेषेनेच सोडवले; लाकूड वजनदार, वाहून नेणे महाग, म्हणून त्याची रेषा तीव्र उताराची.

हे प्रतिमान १८२६ सालचे. सपाट मैदान आणि सगळीकडे सारखी सुपीक जमीन ही त्याची गृहीतके अर्थशास्त्राच्या तासाला एका वाक्यात उरकली, तर भूगोलात पुढचे कित्येक तास त्यांचीच चिकित्सा झाली. (मैदानातून नदी वाहू लागली तर काय होईल, हे खुद्द थ्यूनेन यांनीच तपासले होते, हे मात्र दोन्हीकडे ओझरते आले.)

तरी भूगोलाचेच पारडे जड असे मला वाटत नाही. शहरात बेकारी असताना लोक तिथे येतच का राहतात, यावर भूगोलाच्या चर्चेत नातेवाईक, ओळखी, आधी गेलेले शेजारी असे पुष्कळ निघाले. पण लोक मिळू शकणाऱ्या मजुरीला काम मिळण्याच्या शक्यतेने गुणून पाहतात, आणि म्हणूनच शहरात रोजगार वाढवल्याने आणखी लोक ओढले जाऊन तिथली बेकारी उलट वाढूही शकते, हा हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांचा १९७० मधील युक्तिवाद गणिताशिवाय सुचला नसता.

माझी खरी झोप उडवली ती सीमारेषांनी. ओपनशॉ आणि टेलर या भूगोलतज्ज्ञांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ९९ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) घेऊन वृद्धांचे प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मते यांचा सहसंबंध, म्हणजे एक वाढले की दुसरे किती वाढते किंवा घटते, तपासला. आकडे तेच ठेवून काउंटींचे गट निरनिराळ्या तऱ्हेने पाडले, तेव्हा तोच सहसंबंध तीव्र ऋणापासून तीव्र धनापर्यंत कुठेही नेता आला. हे वाचल्यावर मी अर्थमितीच्या (अर्थशास्त्रातील संख्याशास्त्राच्या) स्वाध्यायातले जिल्हे जोडून पाहिले. चिन्ह बदलले नाही, पण संबंधाची तीव्रता सांगणारा गुणक जवळपास निम्म्यावर आला. दोन्ही उत्तरे नकाशासह सादर केली. समासात लाल शाईने शेरा आला, ‘नकाशा कशासाठी?’ पुढच्या स्वाध्यायालाही मी नकाशा जोडला, या वेळी पहिल्याच पानावर.