मागची खोली

८ जून, सँ-जाँ-द-लोन

दहा वाजून गेलेत, पण अजून पुरता अंधार पडलेला नाही. बार्जच्या, म्हणजे जुन्या मालवाहू होडीच्या, मागच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात बसवलेल्या पलंगावर बसून लिहिते आहे. दोन्ही दारं ओढून घेतली की खरोखरच कपाट. माझी उंची पाच फूट एक इंच, तरी पाय सरळ केले की तळवे फळीला टेकतात.

बार्ज ओपा-ओमांची. आमचे आइंडहोवनचे शेजारी. मुलं लहान असताना त्यांना डच रीतीनं आजोबा-आजी म्हणायला लागली, तेव्हापासून माझ्याही तोंडी तेच बसलं. आता मुलं शिकून बाहेर पडली, ओपा ऐंशीला टेकले. दर उन्हाळ्यात ते ही बार्ज घेऊन फ्रान्समध्ये येतात. या वर्षी ओमांचा गुडघा दुखतोय, दोर टाकायला माणूस हवा, म्हणून मला विचारलं. मी एका पायावर तयार.

उद्या सोन नदी सोडून बरगंडीच्या कालव्यात शिरायचं. कालवा २४२ किलोमीटरांचा, १८९ लॉक, म्हणजे बार्ज पायरीपायरीनं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पाण्याच्या खोल्या. आम्ही माथ्यापर्यंतच जाणार, म्हणजे पुयी गावापर्यंत. तेवढ्यातच ७६ लॉक आहेत.

हे गाव आकारानं एवढंसं, पण घाटावर जुन्या बार्जेसची रांगच्या रांग. दुरुस्तीच्या सुक्या गोद्या आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसतात. मांडवीत खनिज वाहणारे बार्ज पाहिले होते तेवढीच माझी ओळख. या बार्ज वेगळ्या. कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे, खिडकीत मांजर. एकेकाळी यांच्या पोटात रेती, कोळसा, धान्य, बटाटे असायचे.

आमची १९२७ सालची. बावीस मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, रिव्हेट ठोकून जोडलेला पत्रा. गेल्या हिवाळ्यात तिला गोदीत चढवून तळाची जाडी मोजून घेतली, ओपांनी मला तो नकाशा दाखवला. पत्र्यावर जागोजागी मिलिमीटरमध्ये आकडे. चारच्या खाली गेलेल्या जागा लाल पेन्सिलीनं गोल केलेल्या, तिथं वरून नवा पत्रा चढवलाय. डॉक्टरांचा रिपोर्ट दाखवावा तसा त्यांनी तो कागद उलगडला होता.

९ जून

सकाळपासून बार्ज नीट पाहिली.

या प्रकाराला डच लोक ‘लक्से मोटर’ म्हणतात. मोटर म्हणजे इंजिन, आणि लक्से म्हणजे ऐषारामी. ऐषाराम कसला, तर मागची राहायची खोली आधीच्या शिडाच्या होड्यांपेक्षा जरा मोठी आणि उजेडाची होती. तीच ही खोली, जिच्यात मी झोपते. पाच पावलं लांब, चार पावलं रुंद. ओमा सांगतात, तांडेल, त्याची बायको आणि चार मुलं इथं राहत. बाकी सगळी बार्ज मालाची.

आता उलटं झालंय. जिथं बटाटे होते तिथं दिवाणखाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुस्तकांची कपाटं. जमिनीखाली काँक्रीटच्या लाद्या ओतल्यात, कारण रिकामी बार्ज पाण्यावर इतकी वर येते की पुलाखालून जात नाही आणि वाऱ्यानं भरकटते. बटाट्यांचं वजन गेलं, त्याची भरपाई काँक्रीटनं. आणि जिथं सहा माणसं राहत होती ती खोली पाहुण्याची, एरवी अडगळीची.

ओमांनी मला पुढची मोठी खोली देऊ केली होती. मीच म्हटलं, मागची द्या.

१० जून

दोर टाकायला शिकले. शिकले म्हणण्याआधी एकदा चुकले.

लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली दगडी खोली. खालून बार्ज आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा उचलायच्या. वरचं पाणी आत घुसतं आणि बार्ज भिंतीच्या कडेनं वर चढते. पाणी येताना असा धक्का मारतं की दोर ताणून धरला नाही तर बार्ज मागे फेकली जाते. दोर काठावरच्या खुंटाला बांधायचा नाही, नुसता वळसा घालायचा आणि टोक आपल्या हातात. बार्ज वर येईल तसा ढील ओढून घ्यायचा. मी तिसऱ्या लॉकमध्ये गाठ मारून मोकळी झाले. बार्ज वर आली, दोर सैल पडला, पुढचं टोक आडवं जाऊन भिंतीवर आदळलं. ओपा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी पत्र्यावरून हात फिरवून पाहिलं, मग मला खुंटाजवळ नेऊन वीस वेळा वळसा घालायला लावला.

लॉकवरची माणसं सरकारी जलमार्ग विभागाची. उन्हाळ्यात बरीचशी विद्यार्थी असतात. एक मुलगी आमच्याबरोबर गाडीनं पुढं पुढं जात होती. आमचं एक लॉक झालं की पुढच्यावर जाऊन दरवाजे उघडून उभी. दुपारी जेवणाच्या सुटीला सगळं बंद, मग बार्जही थांबते. प्रत्येक लॉकशी एक छोटं घर, त्यावर पाटी: लॉकचं नाव, नंबर, आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या लॉकपर्यंतचं अंतर. पुष्कळ घरांची दारं आता बंद असतात.

आकार मोजला. आतून ३९ मीटर लांब, ५.२ मीटर रुंद. १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्यानं कायदाच केला की देशातल्या मुख्य कालव्यांची लॉकं एवढी असावीत, म्हणजे एकच बार्ज सगळीकडे जाईल. या बाजूला एकेक लॉक सरासरी २.६ मीटर चढवतं. रात्री गुणाकार केला. ५२७ घनमीटर. पाच लाख सत्तावीस हजार लिटर.

मी माणदेशातली. म्हसवडची. पाणी मी लिटरमध्ये मोजत नाही, टँकरमध्ये मोजते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका लॉकमध्ये बावन्न टँकर. एका बार्जसाठी, आणि तीही रिकामी!

११ जून, दिजाँ

इथवर कालवा जवळजवळ सरळ रेषेत, तीसेक किलोमीटर. शहर छान आहे, मोहरी आणि मध-मसाल्याचा केक घेतला. मन मात्र लॉकवर.

कालच्या हिशेबाबद्दल ओपांना विचारलं. म्हणाले, प्रत्येक लॉकला नवीन पाणी लागत नाही. वरच्या लॉकमधून सुटलेलं पाणी खालच्या टप्प्यात येतं, तेच पुढच्या लॉकला वापरतात. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढायला माथ्यावरचं एकच लॉकभर पाणी खर्च होतं. पलीकडे उतरायला आणखी एक. पुरा कालवा पार करायला शंभर टँकर.

मग माथ्यावर पाणी कुठून येतं? तिथं नदी नाही, डोंगरमाथाच तो. म्हणून आजूबाजूच्या दऱ्यांमध्ये धरणं बांधली: पाँतिए, शाझियी, सेर्से, ग्रोबुआ. नुसत्या कालव्याच्या माथ्याला पाणी पाजायला. उन्हाळा कोरडा गेला की ही तळी खाली जातात आणि मग कालव्याचे टप्पे बंद करावे लागतात. ओपांनी असे उन्हाळे पाहिलेत, महिना महिना एका जागी बांधून.

आमच्याकडचा राजेवाडीचा तलाव आठवला. तोही दुष्काळी कामावर माणसांनी खांदलेला.

१३ जून, ऊश नदीच्या खोऱ्यात

दिवसभर लॉक, लॉक, लॉक. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मोटारींचा मोठा रस्ता. खांदे भरून आलेत. बगळे फार. लिहायला बळ नाही.

१५ जून, वाँदनेस

आजचं मुक्कामाचं ठिकाण असं की बघतच राहावं. कालव्याचं रुंद पात्र, आणि वर टेकडीवर शातोनफचा किल्ला. संध्याकाळी त्याचं प्रतिबिंब पाण्यात आलं होतं, पण मला सांगायचंय ते दुसरंच.

मागच्या खोलीच्या छतावर, म्हणजे बाहेरून पाहिलं तर डेकवरच्या उंचवट्यावर, मधोमध एक लोखंडी कडी आहे. ओपा तिला जिरेनियमची कुंडी बांधतात, वाऱ्यानं पडू नये म्हणून. आज कुंडीला पाणी घालताना ओमांना सहज विचारलं, ही कडी कशाची. मला वाटलं, शिडाची किंवा मालाच्या दोराची असेल.

त्या म्हणाल्या, मुलाची.

चालायला लागलेलं मूल. बाप सुकाणूवर, आई दोरावर, मोठी मुलं काठावर. रांगतं-चालतं पोर कुणी बघायचं? छातीभोवती पट्टा बांधायचा आणि त्याचा दोर या कडीत. पोर दिवसभर छतावर खेळायचं, पाण्यात पडायचं नाही. सगळ्या बार्जवर अशी सोय असायची. शाळेचं वय झालं की तांडेलांच्या मुलांसाठी वेगळी वसतिगृहं होती, तिथं पाठवायचे, सुटीत आईबाप ज्या गावाच्या घाटाला असतील तिथं मुलं येणार.

मी कुंडी उचलून कडी पाहिली. बाकी सगळीकडे रंगाचे थर चढलेत, पण कडीच्या आतल्या अंगाला एक खळगा पडलाय, दोरानं घासून घासून. लोखंडात खळगा पडायला किती वर्षं लागली असतील? चार मुलं म्हणजे एकामागून एक सात-आठ वर्षं तरी कुणीतरी तिथं बांधलेलं होतं.

या बार्जला पहिल्यापासून इंजिन होतं, तेवढं तरी सुख. त्याच्या आधीच्या बायका काठावरून बार्ज ओढायच्या. छातीवर रुंद पट्टा, मागं दोर, आणि पुढं वाकून चालायचं. घोड्याला पैसे नसले की बायको आणि पोरं. फ्रान्समध्ये हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होतं. आईच्या छातीवर पट्टा आणि पोराच्या छातीवरही पट्टा.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा महिन्यांची होते. आई खडी फोडायला जायची. मला कामाच्या जागेजवळ बाभळीला झोळी बांधून टाकायची. एका झाडाला तीन-चार झोळ्या, एक म्हातारी हलवायला. सुकडी मिळायची, तांबडा मिलो मिळायचा. हे मी आयुष्यभर ऐकत आले आणि मला ते नेहमी आपल्याच मुलखाचं दुःख वाटलं. आज कुंडी पुन्हा कडीला बांधायला हात होईना. मी ती खाली डेकवर ठेवली. ओपांनी पाहिलं, पण परत उचलली नाही.

१६ जून, पुयी

वाँदनेसहून आठ लॉक चढलो, एस्कोमचं शेवटचं. समुद्रसपाटीपासून ३७८ मीटर. मग बोगदा.

बोगदा ३,३३३ मीटर लांब. आत बोगद्याची कमान खाली येते म्हणून सुकाणूघर मोडून आडवं करावं लागतं. लाकडी भिंती बिजागऱ्यांवर दुमडतात, छप्पर उचलून ठेवायचं. ओपा उघड्यावर उभे, अंगात लाइफ जॅकेट, पुढं मोठा दिवा. मी पुढच्या टोकाला. तासभर लागला. वरून थेंब पडतात, मानेत गार पाणी जातं. मध्येच वर एखादं भोक, त्यातून उजेडाचा खांब पाण्यात उतरलेला.

आत काठ नाही, चालायला वाट नाही. म्हणजे घोडा नाही, बाई नाही. भिंतीला साखळ्या लावलेल्या होत्या, त्या धरून माणसं हातांनी बार्ज पुढं ओढायची. नंतर तळाशी टाकलेल्या साखळीवरून स्वतःला ओढत नेणारी नौका आली, मागं सगळ्या बार्जेसची माळ. पुढं ती विजेवर केली, आणि १९८७ पर्यंत चालत होती. पुयीत ती ठेवली आहे. शिगेरू बान या जपानी वास्तुकारानं तिच्यावर पुठ्ठ्याच्या नळ्यांचं छत केलंय. एवढ्या जाड लोखंडाच्या बोजड नौकेवर पुठ्ठ्याचं छत! मला ते फार आवडलं, तिला उन्हापावसात एकटं टाकलं नाही म्हणून.

बोगद्याच्या मागं पडणारं पाणी सोन नदीला आणि भूमध्य समुद्राला. इथं पुयीत पडणारं योन नदीतून पॅरिसला आणि तिथून इंग्लिश खाडीत. कालवा १८३२ साली पुरा झाला आणि १८५१ला पॅरिसहून दिजाँला रेल्वे आली. एवढा डोंगर कोरला आणि वीस वर्षंसुद्धा तो एकटा राजा राहिला नाही. तरी बार्जवाले शंभरावर वर्षं या वाटेनं माल नेत राहिले, त्याच त्या मागच्या खोलीत संसार करत.

१७ जून, पुयी

उद्या मला गाडीनं परत जायचंय. ओमांची भाची येते आहे, पुढचे दोर ती सांभाळेल.

संध्याकाळी आईला फोन केला. तिकडं रात्र, ती अंगणात बसली होती. पाऊस झालाय, पण अजून पेरणीजोगा नाही. मी तिला सगळं सांगितलं. लॉकचं, शंभर टँकरचं, तेव्हा ती नुसती “आगं बया” म्हणाली. मग कडीचं सांगितलं. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली.

“दोर किती लांब व्हता?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, दोर आता नाही गं, नुसती कडी आहे.

“कडीपास्नं काठ किती लांब हाय ते बघ की.”

ओपांकडून टेप मागून घेतला आणि छतावर चढले. ओपांनी दुसरं टोक कडीशी धरलं, काय चाललंय ते न विचारता. फोन कानाला तसाच. डावीकडं एक मीटर चाळीस. उजवीकडंही तेवढंच.

“म्हंजे तीन हात,” आई म्हणाली. “दोर दोन हाताचा आसणार. पोरगं पालथं पडलं तरी डोकं भाईर जायाला नको.”

मी टेपवर दोन हात मोजून पाहिले. नव्वद सेंटिमीटर. ओपांनी खिशातून खडू काढून तिथं खूण केली.