औषधाची मात्रा : लागू नाही

नावाआधी डॉक्टर लागून सहा महिने झाले. तरी कुणी पीएचडीचा विषय काढला की मला प्रबंध आठवत नाही, माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या अर्जातला प्रश्न क्रमांक 14 आठवतो : ‘औषधाची मात्रा व देण्याचा मार्ग’. मी लिहिलं होतं, ‘लागू नाही’. अर्ज परत आला. शेरा : ‘रकाना अपूर्ण’.

माझा विषय गुन्हेशास्त्रातला, हिंसा आणि पुरुषपण. गुन्हे जास्त करून पुरुष करतात हे सांगायला संशोधक लागत नाही. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांत बायका 23,772. म्हणजे शंभरात चार. मला शोधायचं होतं ते वेगळंच : हात उचलणाऱ्याला त्या क्षणी आपण ‘बाप्या’ आहोत हे नक्की कुणाला दाखवायचं असतं? अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातल्या 1948 ते 1952 मधल्या खुनांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला किरकोळ भांडणांचा. धक्का लागला, शिवी दिली, संपलं. आपल्याकडे याला एकच शब्द पुरतो, खुन्नस. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स मेसरश्मिट यांनी 1993 मध्ये मांडलं की कमाई, नोकरी, मान या वाटा बंद असल्या की पुरुषपण सिद्ध करायला गुन्हा हे साधन म्हणून हाताशी येतं. हे आपल्या तालुक्याच्या गावांत कितपत लागू पडतं, ते मला शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, आराखड्याचं सादरीकरण, सगळं सुरळीत झालं. मग समिती आली.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. अजून तिथंच तासिका तत्त्वावर शिकवते.

समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा. सदस्यांत डॉक्टर जास्त, कारण अर्जाचा नमुनाच मुळात औषधांच्या चाचण्यांसाठी केलेला. सप्टेंबर 2022 ची बैठक त्या 14 क्रमांकाने खाल्ली. (उत्तर पूर्ण वाक्यात लिहा : ‘या संशोधनात फक्त प्रश्न विचारले जातील, कोणतंही औषध दिलं जाणार नाही.’ हे लगेच चाललं. ‘लागू नाही’ चालत नाही. का, ते विचारू नका, मीही विचारलं नाही.)

डिसेंबरच्या बैठकीत मला आत बोलावलं. वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं चर्चा माझ्या बाई असण्यावर. एक सर म्हणाले, “मॅडम, सोबत एखादा पुरुष मदतनीस का घेत नाही?” मी म्हटलं, “सर, पुरुषासमोर पुरुष कसा बोलतो हाच माझा विषय आहे. खोलीत आणखी एक पुरुष बसवला तर मला मुलाखत मिळणार नाही, फुशारकी मिळेल.” कोणीतरी हसलं. इतिवृत्तात मात्र आलं : ‘सुरक्षिततेबाबत लेखी खुलासा करावा.’ केला. तीन पानं. पुढे 31 मुलाखती घेतल्या. मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही, एकाने तर उन्हात आलीस म्हणून ताक आणून दिलं.

मार्चमध्ये मराठी संमतीपत्रक अडलं. मी स्वतः लिहिलेलं चालेना, भाषांतरकाराचं प्रमाणपत्र हवं. भाषांतरकाराने इंग्रजी शीर्षक घेतलं आणि मराठीत ठोकून दिलं : ‘पुरुषत्व व हिंसा : एक अभ्यास’. रेल्वेने प्रवास केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ‘पुरुषत्व’ हा शब्द रुळांकडेच्या भिंतींवरच्या जाहिरातींतून माहीत असतो. खाली भेटण्याची वेळ आणि लॉजचं नाव. मी तो कागद सहज आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवला. त्याने वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “ताई, हे दवाखान्याचं हाय का?”

शब्द बदलायचा तर ती दुरुस्ती, आणि दुरुस्तीला पुन्हा बैठक. एका शब्दाचे तीन महिने! तोवर यूजीसीची 31,000 रुपये महिन्याची फेलोशिप चालू होती आणि मी एकाही माणसाशी बोललेले नव्हते. घरी वडील विचारायचे, “पगार कशाचा मिळतो गं तुला?” मी त्या दिवसांत शब्दच गोळा करत होते. ‘मर्दानगी’ म्हटलं की समोरचा छाती फुगवणार. ‘पुरुषपण’ सेमिनारच्या बाहेर कुणी बोलत नाही. माणसं बोलतात ते असं : बायल्या, बांगड्या भर, नडला, इज्जत गेली. शेवटी शीर्षकाच्या जागी वाक्यच टाकलं : ‘पुरुष म्हणून वाढताना आलेले अनुभव आणि भांडणं’. भाषांतराची वाट बघू नका, पत्रक आधी मराठीत लिहा आणि त्याचं इंग्रजी समितीला द्या. मला हे जूनमध्ये सुचलं.

जूनच्या बैठकीत वकील सदस्य पहिल्यांदाच बोलले. तोवर मी त्यांना झोपलेले समजत होते. “समजा, उघडकीला न आलेला खून एखाद्याने तुम्हाला सांगितला. मग?” तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 प्रमाणे खुनासारख्या गुन्ह्याची माहिती मिळाली, तर ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना देणं नागरिकाचं कर्तव्य. (1 जुलै 2024 पासून हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये आहे.) लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 खाली कळवावंच लागतं. संशोधक आहे म्हणून सुटका नाही. एवढ्या महिन्यांत मला विचारलेला हा एकमेव खरा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तो राग मी दोन दिवस वकिलांवरच काढला, मनातल्या मनात.

मग त्यांच्याच सल्ल्याने पत्रकात स्पष्ट लिहिलं : ज्या खटल्याचा निकाल लागून शिक्षा भोगून झाली तेवढंच बोलायचं, दुसऱ्या कुठल्या घटनेचं नाव, गाव, तारीख सांगायची नाही, आणि मुलांबद्दल काही कळलं तर मला कळवावं लागेल. जामिनावरची माणसं यादीतून काढली. सहीचा तिढाही त्यांनीच सोडवला. समितीला प्रत्येकाची सही हवी होती, आणि शिक्षा भोगून आलेला माणूस कागद पाहिला की मागे सरतो. “सही केली म्हणून तर आत गेलो,” असं मला पुढे तिघांनी ऐकवलं. तोंडी संमती, तीही रेकॉर्ड केलेली, यावर समिती राजी झाली.

सप्टेंबर 2023 मध्ये मंजुरी. मी खाली येऊन कँटीनमध्ये एकटीने दोन वडापाव खाल्ले.

हो, एक सांगायचं राहिलं. मंजुरीची मुदत एक वर्ष, आणि ती बैठकीच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. माझं पत्र सात आठवड्यांनी आलं. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात, ऐन मुलाखतींच्या मध्ये, नूतनीकरणाचा अर्ज भरायला बसले. तो अर्ज छोटा आहे, दोनच पानांचा. मात्रा आणि मार्ग त्यात क्रमांक 9 वर आहेत.