धंद्यासाठी इंकजेट प्रिंटर घेतला, आणि हिरवा ठिपका पिवळा यायला लागला – माझा अनुभव

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचं ते एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. "मॅडम, बिलावर तुमचा जीएसटी नंबर आहे ना, मग हा कमर्शिअल वापर झाला, वॉरंटी बसत नाही." प्रिंटर घेऊन फक्त २४ दिवस झाले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कुणी विचारू पण नका, कारण मला नावापेक्षा हे सांगायचंय की असं कुणी तोंडावर फेकलं तर गप्प बसून पैसे भरू नका.

मी कराडची. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, उन्हाळ्यात सांडगे-कुरडया असा आमचा घरगुती धंदा आहे. मी, सासूबाई आणि मदतीला दोघीजणी. लेबलं आधी प्रेसमधून छापून आणायचो, पण तिथं एका डिझाइनची कमीत कमी हजार घ्यावी लागतात. मसाल्याची हजार लेबलं बघता बघता संपतात, मेतकुटाची दोन-दोन वर्षं पडून राहतात, आणि मधेच वजन किंवा किंमत बदलली की उरलेला गठ्ठा रद्दीत. त्यात पुण्याच्या एका दुकानदाराने १०० ग्रॅमची पाकिटं मागितली, तीसुद्धा एकदम थोडी, मग ठरवलं की आता घरीच छापायचं.

निवड करण्यात फार वेळ गेला नाही. कार्ट्रिजवाला नको हे पक्कं होतं, दिसायला तो चार-पाच हजारात येतो पण रंगीत लेबलं छापायची म्हटली तर कार्ट्रिजच्या खर्चात माणूस बुडेल. रंगीत लेझर बजेटबाहेर. म्हणून इंकटँक (बाटलीतली शाई टाक्यांत ओतायची असते तो), स्कॅनर-झेरॉक्ससहित, १२,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १४,७५० रुपये. (नुसती बिलं आणि चलनंच छापायची असतील तर मात्र साधा ब्लॅक-अँड-व्हाइट लेझर घ्या, महिनाभर बंद ठेवला तरी त्याचं काही सुकत नाही.) बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घेतलं, इनपुट क्रेडिट मिळतं म्हणून, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा होतो. सगळेच घेतात.

आता एक चूक इथंच झाली होती, ती मला महिन्याने कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. दुकानदार म्हणाला, "ताई, डेमो दाखवतो," आणि त्याने तिथंच चारही बाटल्या टाक्यांत ओतल्या, वीसेक मिनिटं मशीन घरघरत राहिलं, छान रंगीत पान निघालं, मी खूश. मग दुकानातल्या पोराने तोच भरलेला प्रिंटर स्कूटरवर पायाजवळ एका बाजूवर उभा धरून घरी आणून दिला. असं कधीही करू देऊ नका!! शाई एकदा भरली की मशीन आडवंतिडवं करायचं नसतं, नळ्यांत हवा शिरते. पेटी सीलबंद घरी आणा आणि जिथं कायम ठेवणार त्या टेबलावरच शाई भरा.

पहिले अठरा दिवस काही तक्रार नव्हती. एका ए-फोर स्टिकर शीटवर १२ लेबलं बसवली होती. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी भाजणीची लेबलं काढली तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा ठिपका असा का दिसतोय?" शाकाहारी खुणेचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो ना, तो पिवळा आला होता. आधी पोपटी, पुढच्या शीटवर सरळ हळदीसारखा पिवळा. हिरवा रंग निळा आणि पिवळा मिळून होतो, निळा येईनासा झाला की नुसता पिवळा उरतो. खाण्याच्या पाकिटावर ती खूण हिरवीच लागते, हे काही शोभेचं काम नाही, पिवळा ठिपका घेऊन मी माल दुकानात पाठवूच शकत नाही. आणि चार दिवसांवर पुण्याची ऑर्डर.

नोझल चेकचं पान काढलं. ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक रंगाच्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघा येतात, सगळ्या सलग आल्या तर हेड, म्हणजे बारीक छिद्रांतून (नोझल) कागदावर शाई सोडणारा भाग, ठीक. माझ्या निळ्याच्या जागी चार-पाच तुटक रेघा आणि बाकी कोरा कागद. हेड क्लीनिंग केलं, दोन रेघा वाढल्या, पुन्हा केलं, गेल्या. दुकानदाराला फोन केला तर, "आता कंपनीकडे जावं लागेल ताई, आमच्याकडे काही नाही." टोल फ्रीवर तक्रार नोंदवली, ४८ तासांत इंजिनिअर येईल म्हणाले. पाच दिवस गेले, कुणी आलं नाही. वॉरंटी कार्डावर ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, लिहिलेलं असताना चौथ्या फोनला सांगितलं की तुमच्या गावाला इंजिनिअर उपलब्ध नाही, कोल्हापूरच्या सेंटरला घेऊन या. पुण्याची ऑर्डर मी तोपर्यंत बाहेरून शीट छापून आणून कशीबशी पाठवली, रंगीत शीटला वीस रुपयांप्रमाणे.

भाऊजींच्या ओमनीतून निघालो. मागच्या सीटवर गोधडीची घडी, त्यावर प्रिंटर, आणि मी शेजारी बसून दोन्ही हातांनी तो सपाट धरून. हायवेचं काम चालू, जागोजागी वळवलेला रस्ता, प्रत्येक खड्ड्याला मी टाकीकडे बघायची. साडेअकराला पोचलो. तिथं टोकन. भिंतीला लागून दहा-बारा मशीनं एकावर एक रचलेली, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने नंबर, खालच्या काहींवर तर धुळीचा थर. ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला की आपलंही इथंच राहणार.

दीड वाजता नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर चार वेळा साधं क्लीनिंग आणि एकदा पॉवर क्लीनिंग केलं. प्रत्येक वेळी शाई ओढली जाते आणि मशीनच्या तळातल्या पॅडमध्ये जाते, वाया. आले तेव्हा निळी टाकी पाऊण भरलेली होती, त्याचं झालं तेव्हा खालच्या खुणेला टेकलेली. मी म्हटलं, "दादा, अहो सगळी शाई संपवताय." तर म्हणाला, "प्रोसिजर आहे मॅडम." मग आत गेला, वीस मिनिटांनी दुसरे साहेब बाहेर आले. हेड गेलंय म्हणाले. सहा हजार दोनशे. मी म्हटलं, वॉरंटी आहे, महिना पण नाही झाला. तेव्हा त्यांनी माझं बिल उचललं, जीएसटी नंबरवर बोट ठेवलं, आणि ते वरचं वाक्य.

मी म्हटलं, मशीनवर पानं किती झालीत ते तरी बघा. बघितली, ६१२. "पानांचा प्रश्न नाही, तुम्ही धंद्यासाठी वापरताय. आणि स्टिकर पेपर घालताय." म्हटलं, स्टिकर पेपर चालेल हे विचारूनच घेतलाय, आणि माझ्या कार्डावर असं कुठं लिहिलंय ते दाखवा. "कंपनीची पॉलिसी आहे." कुठली, कुठं छापलीय, तर "सिस्टिममध्ये आहे." मागे लोक ताटकळलेले, भाऊजी हळूच म्हणतायत, वहिनी राहू द्या, देऊन टाकू. खरं सांगते, एक क्षण मीही पर्स उघडली होती. सहा हजार दोनशे म्हणजे माझ्या किती किलो मसाल्याचा नफा हे मनात आलं आणि पर्स बंद केली.

इथं मी एक गोष्ट बरोबर केली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. मी म्हटलं, ठीक आहे, वॉरंटी नाकारताय ना, मग जॉबशीटवर (सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) कारण लिहा आणि शिक्का मारा. ते म्हणाले, असं देत नाही आम्ही. मी म्हटलं, दिल्याशिवाय मी जात नाही, बसते इथं. आणि बसले. जेवणाची सुट्टी झाली, शटर अर्धं खाली आलं, मी बाकावरच. तीनला त्याच मुलाने जॉबशीट आणून दिली, वॉरंटीच्या रकान्यात "नाही" आणि खाली पेनाने "कमर्शिअल यूज". शिक्का, तारीख, सही. प्रिंटर मी ठेवला नाही, परत ओमनीत घातला.

रात्री वॉरंटी कार्ड भिंगाखाली धरून वाचलं, अक्षरशः भिंग, सासूबाईंचं. एक वर्ष किंवा ठराविक पानं, जे आधी होईल ते. काय काय चालणार नाही त्याची यादी होती, दुसऱ्या कंपनीची शाई, पडझड, पाणी, विजेचा दाब. धंद्याच्या वापराबद्दल एक शब्द नाही.

आणि दुसरं, कायदा. ओळखीच्या वकिलीणबाईंना विचारलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा ग्राहक धरत नाहीत हे खरं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की फक्त स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोजायची नाही. त्या म्हणाल्या, सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच एका निकालात सांगितलंय, लेथ मशीन घेऊन स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी. म्हणजे बिलावर जीएसटी नंबर दिसला एवढ्यावरून कुणी आपल्याला ग्राहक नाही असं काउंटरवर ठरवू शकत नाही. आमच्यासारख्या घरगुती धंदे करणाऱ्या बायका, शिंपीकाम करणारे, झेरॉक्सवाले, सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतून बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बिल, वॉरंटी कार्ड आणि जॉबशीटचे फोटो अपलोड करायला सांगितले, तक्रार नंबर मेसेजवर आला. एक लक्षात घ्या, हेल्पलाइन हुकूम देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवून उत्तर मागते. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मी त्याचीही तयारी ठेवली होती. पण सहाव्या दिवशी कंपनीच्या मुख्य ऑफिसातून फोन आला, आवाज एकदम मऊ, "मॅम, देअर वॉज अ मिसअंडरस्टँडिंग." ती पेनाने लिहिलेली दोन शब्दांची जॉबशीट नसती तर हा फोन आला नसता, माझी खात्री आहे.

इंजिनिअर घरी आला, ज्या गावाला तो "उपलब्ध नाही" त्याच गावात. चांगला मुलगा होता, त्यानेच नळी उजेडात धरून दाखवली, निळ्या शाईत मधे मधे मोकळी जागा, हवेची. विचारलं, मशीन भरल्यावर हलवलं होतं का? तेव्हा स्कूटर आठवली. हवा काढून बघितली, भागलं नाही, हेड कोरडं चालून खराब झालेलं, नवीन बसवलं, पैसे शून्य. नोझल चेकच्या पानावर सगळ्या पायऱ्या सलग आल्या तेव्हा मला रडू आलं.

जाता जाता त्याने सांगितलेलं आणि माझं मला कळलेलं लिहून ठेवते. आठवड्यातून एकदा तरी चारही रंगांचं एक पान काढायचं, मी सोमवारी पूजा झाली की काढते. बंद करताना प्रिंटरच्याच बटणाने, बोर्डाचं बटण आधी दाबायचं नाही, नाहीतर हेड झाकणात नीट बसत नाही आणि शाई सुकते. आमच्या मशीनमध्ये काळी शाई पिगमेंट (कागदावर वर बसणारे रंगाचे कण) आणि बाकीच्या डाय (विरघळलेला, कागदात मुरणारा रंग) आहेत, त्यामुळे ग्लॉसी स्टिकरवर काळ्यात छापलेली पॅकिंगची तारीख बोटाने पुसली जायची, आणि ओला हात लागला की रंग पसरायचा. सेटिंगमध्ये कागद फोटो ग्लॉसी निवडला की मशीन काळा रंग बाकीच्या रंगांतून बनवतं, मग पुसला जात नाही. मी आता मॅट स्टिकर शीट घेते आणि वरून पारदर्शक पट्टी लावते, मसाल्याचा तेलकट हात लागला तरी काही होत नाही. हां, वायफाय जोडताना राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ वालं नेटवर्क निवडा, आमचं मशीन ५ वालं दाखवतच नाही, त्यात माझी एक दुपार गेली. आणि घेण्याआधी मॉडेलचं तळाचं पॅड घरी बदलता येतं का ते विचारा, काहींत छोटा डबा असतो तो काढून नवा घालता येतो, नाहीतर पॅड भरलं की मशीन थांबतं आणि पुन्हा तेच सर्व्हिस सेंटर.

काउंटरवर वाया घालवलेल्या निळ्या शाईच्या बाटलीचे पैसे मी वेगळे मागितलेत, ईमेलने, बाटलीच्या बिलासकट. "विचाराधीन आहे" असं उत्तर आलंय. दर सोमवारी ते पान काढलं की त्याच ईमेलला आठवण पाठवते.