अकरा जण, एक आजी आणि व्हिएतनामचा पाऊस

सुरुवात स्वित्झर्लंडपासून झाली. आपल्याकडे परदेश म्हटलं की पहिलं नाव तेच निघतं ना. गणपतीत सगळे जळगावला आजीकडे जमलो होतो, आरती झाली, जेवणं झाली, काका सुपारी कातरता कातरता म्हणाले की आईला एकदा विमानात बसवायचंय, झालं, तिथल्या तिथे व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि रात्री बारापर्यंत त्यात सत्तर मेसेज. अकरा माणसं. आजी, आई-बाबा, काका-काकू, आत्या, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं (एक नऊ वर्षांचा, एक चार वर्षांची) आणि मी. प्लॅनिंग माझ्या गळ्यात, कारण मला 'ऑनलाइन सगळं जमतं'.

स्वित्झर्लंड चार दिवसांत बारगळलं. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) मोठ्या माणसाची नुसती फी ९० युरो, नाकारला तर तीही परत नाही, वर इन्शुरन्स आणि प्रत्येकाचं बँक स्टेटमेंट. बाकीचे हो-नाही करत होते पण आत्याने सरळ लिहिलं, "माझं पासबुक मी माझ्या भावांना दाखवत नाही, गोऱ्यांना काय दाखवू."

मग व्हिएतनाम. ई-व्हिसा घरबसल्या, एकदाच आत जायचं असेल तर २५ डॉलर, मुंबईहून हनोईला थेट विमान, आणि एका रुपयाला साधारण तीनशे डोंग, म्हणजे तिकडचे पैसे. हे डोंगचं कळल्यावर बाबा एकदम खुश, व्हिएतनाममध्ये सगळ्यात मोठी नोट पाच लाखांची असते म्हणे, किंमत आपले सतराशेच्या आसपास, पण पाकिटात पाच लाखांची नोट ती नोटच.

आजी तयार झाली ते मात्र 'मी सन' नावाच्या जागेला. हे मध्य व्हिएतनाममधल्या दा नांग शहराजवळचं शंकराच्या देवळांचं ठिकाण, चौथ्या ते तेराव्या शतकात चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेलं, जवळजवळ सगळं विटांचं, होई आन या जुन्या गावापासून चाळीसेक किलोमीटर. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जाऊन काम करत होती आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकसंध दगडी शिवलिंग सापडलं, त्याचा फोटो मी आजीला मोबाईलवर दाखवला. तिने चष्मा वर करून बराच वेळ बघितला, बोटाने मोठा केला (हे तिला कधी जमायला लागलं देव जाणे) आणि विचारलं, "तिथे रोज पाणी घालतं का कोण?" नाही म्हटलं. म्हणाली, मग जाऊ या.

आता खरी मारामारी तारखेची. दादाचं म्हणणं दिवाळीच्या सुट्टीत, पोरांची शाळा बुडत नाही. मी पण मान डोलावली होती, तिकिटं काढायच्या आदल्या रात्री सहज हवामान बघितलं आणि पोटात गोळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाळा, आपल्यासारखा जून-जुलैचा नाहीच तिथे, आणि होई आनला तर नदीचं पाणी जुन्या गावातल्या गल्ल्यांत शिरतं, लोक होडीतून फिरतात. उत्तरेत हनोईला तेव्हा मस्त हवा असते, म्हणजे दिवाळीत जायचं तर मी सन आणि होई आन सोडायचं, आणि मग आजीला न्यायचं कशाला? जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा तेत, चांद्र नववर्ष, बरंच काही बंद. राहिला मे. तिकडे मेमध्ये पाऊस कमी पण ऊन कडक, ३३-३५ डिग्री, काकू म्हणाल्या अहो आईंना सोसेल का एवढं. आजी भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पंचेचाळीस डिग्रीत पापड वाळवलेत मी गच्चीवर." विषय मिटला.

तरी मेची सुरुवात टाळली. ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या मोठ्या सुट्ट्या, ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडून युद्ध संपलं त्याची आणि कामगार दिनाची, सगळा देश फिरायला निघतो. आपल्याकडेही १ मेला महाराष्ट्र दिन आणि पोरांचा निकाल. म्हणून ८ मे.

काकांना व्हिएतनाम युद्धातले 'कू ची' बोगदे बघायचे होते. ते दक्षिणेला, आमच्या रस्त्यात नाहीत, आणि कमरेत गॅप असलेल्या माणसाने बोगद्यात रांगायचं हा हट्ट काकूंनीच हाणून पाडला. वहिनीला तो दगडी हातांवर उचलून धरल्यासारखा सोनेरी पूल हवाच होता, दा नांगजवळच्या बा ना हिल्सवरचा, २०१८ ला उघडलेला, रीलमध्ये सगळीकडे असतो तो. आजीने फोटो बघून विचारलं कोणत्या देवाचे हात. देवाचे नाहीत, फायबर ग्लासचे आहेत, पण मी काही बोलले नाही.

पैशावरून थोडं वाजलं, ते सांगते. माणशी खर्च काढायचा की घराप्रमाणे? काकांकडचे सहा, आम्ही तीन, आत्या एकटी. चार वर्षांच्या पोरीला विमानात अख्खी सीट लागते म्हणून तिचं तिकीट जवळपास पूर्ण, पण सोळा सीटरच्या गाडीत ती वहिनीच्या मांडीवर बसणार, मग गाडीत तिचा हिस्सा धरायचा का? यावर दोन दिवस ग्रुप शांत होता, फक्त काकूंचे गुड मॉर्निंग. शेवटी आजीचा खर्च तीन भावंडांत आणि बाकी माणशी असं ठरलं, तर आजी म्हणाली मी माझी एफडी मोडते, कोणाचे उपकार नकोत. तिने पासपोर्टचे पैसे स्वतःच भरले, साठीच्या पुढे १० टक्के सूट, १५०० चे १३५०, ते दीडशे रुपये तिने शेजारी तिघींना सांगितले.

पासपोर्टवरूनच घोळ झाला. आपल्याकडे बाईच्या नावाच्या रकान्यातच नवऱ्याचं नाव चिकटतं. आजीच्या पासपोर्टवर ते आहे, मी काढलेल्या तिकिटावर नाही, आणि ई-व्हिसाला तर पासपोर्टवर आहे तसंच हवं, आजोबांच्या दत्तात्रयच्या शेवटच्या 'ए'सकट. तिकीट दुरुस्त करायला फोनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. आणि हे सगळं निस्तरल्यावर सगळ्यांच्या माहितीचं एक्सेल करणाऱ्या दादाचाच पासपोर्ट सप्टेंबरमध्ये संपतोय असं कळलं, सहा महिने शिल्लक लागतात, पळाला रिन्यू करायला.

जेवणाची काळजी वाटत होती तेवढी नाही. तिथे पाटीवर 'चाय' असेल तर तो चहा नाही, शाकाहारी. बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चाय खातात, त्यामुळे तशी हॉटेलं मिळतात. नाहीतर पालेभाजीतही माशाचं पाणी, नुओक माम, घालतात, तेव्हा नुसतं 'नो चिकन' सांगून भागत नाही. तरी आईचं मेतकूट आणि आत्याच्या दशम्या निघाल्याच आहेत.

काल आजीचा फोन आला. बेलाची पानं नेलेली चालतील का विचारत होती. ओला पालापाचोळा विमानतळावर अडवतात म्हटलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बरं, पाणी तरी मिळेल ना तिथे?"