‘चार्ज’मधून सुटका, पण कोणत्या?

‘सचिवांना ३१ मार्च रोजी आरोपातून मुक्त करण्यात आले.’ तपासणीसाठी आलेल्या त्रेचाळीस पानी भाषांतरात नवव्या पानावर हे वाक्य दिसलं आणि त्या दिवसाचं बाकीचं काम बाजूला राहिलं. प्रकरण एका विविध कार्यकारी सोसायटीतल्या अपहाराचं होतं. ज्या सचिवावर खटला, त्याला भाषांतरकाराने कागदावर सोडूनच दिलं होतं. मूळ इंग्रजी लेखापरीक्षण अहवालात होतं फक्त ‘रिलीव्ह्ड ऑफ चार्ज’. म्हणजे त्याने पदाचा भार खाली ठेवला, एवढंच.

मग इंग्रजी फाइलीत ‘चार्ज’ शोधून एकेक जागा मराठीशी ताडून पाहिली. शोधताना नुसता शब्द देऊन चालत नाही. ‘चार्ज्ड’, ‘डिस्चार्ज’, ‘सरचार्ज’ही यायला हवेत. एकूण चौदा ठिकाणं निघाली.

सगळ्यात हसू आणणारं वाक्य पीककर्जाच्या परिच्छेदात होतं: ‘संस्थेचा सभासदाच्या पिकावर पहिला आरोप आहे.’ बिचाऱ्या ज्वारीने काय गुन्हा केला होता! इथे हवा होता ‘बोजा’. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४७ मध्ये संस्थेच्या येणे रकमेसाठी पिकावर पहिला बोजा सांगितला आहे, आणि कलम ४८ मध्ये कर्जदाराने घोषणापत्र देऊन जमिनीवर चढवलेला. या घोषणापत्राला गावात इकरार म्हणतात. त्याची नोंद फेरफाराने सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात जाते.

त्याच परिच्छेदात पुढे ‘चार्ज’साठी ‘गहाण’ वापरलं होतं. ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण वाचणाऱ्याला ती खटकतच नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतो. कलम ५८ च्या गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे जातो. कलम १०० च्या बोजात तो जात नाही. मालमत्ता फक्त देण्याला तारण राहते. शिवाय बोजाची कल्पना नसताना कोणी मोबदला देऊन ती मालमत्ता घेतली, तर कायद्यात वेगळी तरतूद नसेल तिथे त्याच्याविरुद्ध बोजा बजावता येत नाही. म्हणूनच सातबाऱ्यावरच्या त्या एका ओळीला किंमत आहे. भाषांतरात ‘गहाण’ आलं की वकील वेगळ्याच कलमाखाली युक्तिवाद करायला लागतो.

‘चार्ज्ड विथ’ दोनदा होतं. एकदा त्याच्यापुढे ‘थकबाकीची वसुली’, एकदा ‘रकमेचा अपहार’. दोन्हीकडे भाषांतर एकच: ‘आरोप ठेवला’. ‘वसुलीचा आरोप’ असा काही गुन्हा नसतो. पुढे काम आलं तर ‘सोपवलं’, गुन्हा आला तर ‘आरोप ठेवला’. तिसऱ्या ठिकाणी खर्च उचंत, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या, खात्याला ‘चार्ज’ केला होता. तिथे ‘उचंत खात्यात नावे टाकला’ एवढं पुरतं.

आरोपातही पायऱ्या आहेत. पोलीस दाखल करतात ते दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय स्वतः आरोप निश्चित करतं. पहिल्यासाठी दुसरं लिहिलं की खटला एक टप्पा पुढे गेल्याचा भास होतो. ‘डिस्चार्ज’चं तसंच. आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून सोडलं, तर आरोपी आरोपमुक्त. पुरावा तपासून सोडलं, तर निर्दोष मुक्तता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ चं स्पष्टीकरण सांगतं की आरोपमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. वर्तमानपत्रं दोन्हींना सर्रास ‘दोषमुक्त’ म्हणतात. बातमीत ते खपतं, शपथपत्रात नाही.

गोदामाच्या वीजबिलाचं परिशिष्ट सोपं निघालं. भाषांतरकाराने सगळीकडे ‘शुल्क’ टाकलं होतं. पण महावितरणच्या मराठी बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे ‘आकार’ असतात. ‘वीज शुल्क’ ही वेगळी ओळ आहे, इंग्रजीत तिला ‘ड्यूटी’ म्हणतात आणि तो पैसा राज्य सरकारचा. सगळंच शुल्क झालं तर कंपनीचं किती आणि सरकारचं किती, हे बिलावरून कळणार नाही.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये गाडीत माल भरण्याशी जोडलेलं आहे. ‘कार्गो’ त्याच कुळातला. मराठीतले कार्यभार आणि बोजा त्याच ओझ्याच्या कल्पनेवर उभे आहेत. म्हणून अडलं की विचारायचं: ओझं कोणावर आहे, आणि ते उतरतं कसं? कर्ज फेडल्यावर उतरतं तो बोजा. दुसऱ्याच्या हाती देऊन उतरतं तो कार्यभार. न्यायालयाच्या आदेशाशिवाय उतरत नाही तो आरोप. वीजबिलाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तिथे बिलावर छापलेला शब्दच घ्यायचा.

नवव्या पानासाठी वकिलांकडून मूळ कार्यालयीन आदेश मागवला. तो मराठीतच होता: ‘सचिवपदाचा कार्यभार सोपवून ३१ मार्च रोजी कार्यमुक्त व्हावे.’ लेखापरीक्षकाने ‘कार्यमुक्त’चं इंग्रजी केलं आणि ते परत येताना ‘आरोपातून मुक्त’ झालं. सोबत चार्ज यादी जोडलेली होती: तिजोरीच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं, रोख शिल्लक. शिल्लकेच्या रकान्यात आकडा होता, घेणाऱ्याची सही नव्हती. भाषांतरात तो रकाना वगळलेला होता. तो भरून तिथे ‘सही नाही’ असं लिहिलं आणि फाइल वकिलांकडे परत पाठवली.